पुलावरची रांग

पुलाच्या तोंडाशी टोलनाका असावा आणि नाक्यापुढे वाहनांची रांग लागलेली असावी, हे दृश्य कोणत्याही देशात सारखेच. मालाने भरलेले ट्रक आणि उतारूंनी भरलेल्या बसगाड्या एकामागे एक उभ्या असतात. एक वाहन पैसे देऊन पुढे सरकते, तोच मागून दोन नवी येऊन उभी राहतात. नाक्यावर एकाऐवजी दोन खिडक्या उघडल्या, तर ही रांग किती आखूड होईल? प्रत्यक्ष खिडकी बांधून पाहावयाचे म्हटले, तर त्यास खर्च फार. परंतु हीच रांग संगणकाच्या आत, आकड्यांच्या रूपाने उभी करता आली, तर एक विटही न रचता उत्तर मिळू शकते. खऱ्या व्यवहाराची अशी नक्कल संगणकात करण्याच्या विद्येला 'अनुकरण' असे म्हणतात.

नॉर्वे देशाची राजधानी ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात क्रिस्टेन न्यूगॉर आणि उले-योहान डाल हे दोन शास्त्रज्ञ या विद्येच्या मागे लागलेले होते. १९६६ साल संपून १९६७ उजाडण्याच्या सुमारास अशाच एका काल्पनिक पुलाचा, नाक्याचा आणि रांगेचा ते विचार करीत होते. त्या विचारातून संगणकाला काम सांगण्याची जी रीत निघाली, ती आज जगभर शिकविली जाते. तिला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग असे लांबलचक इंग्रजी नाव आहे. नाव ऐकून नवशिक्याला दचकावयास होते. पण आतील कल्पना नावाइतकी अवघड नाही.

संगणक स्वतःच्या बुद्धीने काही करीत नाही. त्याला प्रत्येक पायरी सांगावी लागते. अशा पायऱ्यांची क्रमवार मांडणी म्हणजे आज्ञावली. जुन्या रीतीत माहिती एकीकडे ठेवीत आणि त्या माहितीवर करावयाच्या क्रिया दुसरीकडे लिहीत. पुलावरील रांगेसाठी अशी आज्ञावली लिहावयाची, तर प्रथम काही याद्या कराव्या लागतील. एका यादीत वाहनांचे क्रमांक, दुसरीत त्यांची येण्याची वेळ, तिसरीत ट्रकांचे वजन, चौथीत बसमधील उतारूंची संख्या. पहिल्या यादीतील पाचवा क्रमांक ज्या वाहनाचा, त्याच वाहनाची वेळ दुसऱ्या यादीत पाचव्या जागी असली पाहिजे. आता पाचवे वाहन पूल ओलांडून निघून गेले, म्हणजे सर्व याद्यांतून पाचवी नोंद खोडावी लागणार आणि खालच्या साऱ्या नोंदी एकेक जागा वर सरकवाव्या लागणार. यांपैकी एका यादीत हे करावयाचे राहून गेले, तर काय होईल? सहाव्या ट्रकचे वजन सातव्या बसच्या माथी बसेल! संगणक त्याबद्दल तक्रार करणार नाही. तो मुकाट्याने चुकीचे उत्तर काढून देईल, आणि त्या उत्तरावर विसंबून कोणी खरोखरीचा नाका बांधील. पन्नास ओळींच्या आज्ञावलीत अशी चूक हुडकून काढता येते. पन्नास हजार ओळींच्या आज्ञावलीत ती गवताच्या गंजीत पडलेल्या सुईसारखी असते.

न्यूगॉर आणि डाल यांनी हा व्यवहार उलटा केला. माहिती याद्यांमध्ये वाटून देण्याऐवजी प्रत्येक वाहनाची माहिती त्या वाहनापाशीच ठेवावी, आणि त्या वाहनाने काय काय करावयाचे हेही तेथेच लिहावे, असे त्यांनी ठरविले. मग पाचवे वाहन निघून गेले, की त्याचे वजन, त्याची वेळ, त्याचा क्रमांक सारे त्याच्याबरोबरच जाते. मागे खोडावयाचे असे काही उरत नाही. स्वतःची माहिती आणि स्वतःचे वर्तन एकत्र बाळगणाऱ्या अशा एककाला 'ऑब्जेक्ट' म्हणजे वस्तू म्हणतात. बाहेरच्या कोणी वस्तूच्या पोटात हात घालून तिची माहिती परस्पर बदलावयाची नाही, हा येथील शिष्टाचार होय. वजन हवे असेल, तर त्या ट्रकला विचारावे, तो सांगेल. ते त्याने किलोमध्ये नोंदविले आहे की टनांमध्ये, याची उठाठेव विचारणाऱ्याने करू नये. उद्या ट्रकने आपली आतली नोंद बदलली, तरी उत्तर पूर्वीसारखेच देत राहिला म्हणजे झाले. भोवतालच्या आज्ञावलीला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता रांगेत शंभर ट्रक असतील, तर शंभर वेळा का लिहावयाचे, की ट्रकला वजन असते आणि तो पैसे देऊन पुढे जातो? तसे करण्याचे कारण नाही. ट्रक कसा असतो आणि काय करतो, हे एकदाच लिहून ठेवावयाचे. या वर्णनाला 'क्लास' किंवा वर्ग म्हणतात. हा वर्ग म्हणजे शाळेतील खोली नव्हे, आणि गणितातील वर्गही नव्हे. वर्गीकरण या शब्दात जो वर्ग आहे, तो हा. वर्ग आणि वस्तू यांतील फरक नवशिक्यास पहिल्या दिवशी उमगतो आणि दुसऱ्या दिवशी निसटतो, म्हणून तो जरा थांबून पाहिलेला बरा. मोदकाचा साचा म्हणजे मोदक नव्हे. साचा कोणी खात नाही. एका साच्यातून मात्र हवे तितके मोदक काढता येतात. ट्रक हा वर्ग साच्याच्या जागी आहे. रांगेतील एकेक ट्रक ही त्यातून निघालेली वस्तू आहे. साच्याचा दृष्टांत येथपर्यंतच पुरतो. साच्यातले मोदक सारे सारखे. उलट एका वर्गातून निघालेल्या वस्तू जन्मतः सारख्या घडणीच्या असल्या, तरी पुढे प्रत्येकीचा संसार वेगळा. एका ट्रकचे वजन नऊ टन, दुसऱ्याचे चार. एक सकाळी सात वाजता आला, दुसरा साडेसातला. घडण वर्गाची, तपशील वस्तूचा.

आणखी एक सावधगिरी घ्यावयास हवी. संगणकातील ट्रक हा खरा ट्रक नव्हे. खऱ्या ट्रकला रंग असतो, कर्णा असतो, चालकाने समोर टांगलेली लिंबूमिरचीही असते. टोलनाक्याच्या हिशेबाला यांतले काही लागत नाही, म्हणून ते वर्गात लिहू नये. रंगाच्या कारखान्यासाठी आज्ञावली लिहावयाची झाली, तर मात्र रंग आधी आणि वजन नंतर. काय घ्यावे यापेक्षा काय सोडावे, हे ठरविणे पुष्कळदा कठीण जाते.

याप्रमाणे वर्ग आणि वस्तू सिद्ध झाल्या; पण ऑस्लोच्या त्या दोघा शास्त्रज्ञांना रांगेने अडविले होते. रांगेत ट्रकही उभे राहतात आणि बसही. दोघांचे वर्ग वेगळे. परंतु रांगेत उभे राहणे, आपल्या पुढे कोण व मागे कोण हे ध्यानात ठेवणे, वेळ झाली की पुढे सरकणे, एवढे दोघांचे समान. हा समान भाग दोन्ही वर्गांत दोनदा लिहिला, तर एके ठिकाणी केलेली दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी राहून जाण्याची भीती. यावर त्यांना १९६७ च्या जानेवारीत उपाय सुचला. समान भागाचा एक वेगळा वर्ग करावा. त्याला आपण 'वाहन' म्हणू. ट्रक आणि बस हे या वाहनवर्गाचे उपवर्ग ठरवावे. वाहनाचे जे जे आहे, ते ते उपवर्गाला आपोआप मिळावे, आणि त्यात त्याने स्वतःचे तेवढे घालावे: ट्रकने वजन, बसने उतारूंची संख्या. वडिलांचे घर मुलांकडे यावे तसा हा प्रकार असल्यामुळे त्याला 'वारसा' म्हणतात.

वारशाचा एक गमतीचा परिणाम होतो. नाक्यावरील कारकून प्रत्येक वाहनाला एकच प्रश्न विचारतो, "तुझा कर किती?" ट्रक आपल्या वजनावरून हिशेब करतो, बस उतारूंच्या संख्येवरून करते, आणि दोघेही बरोबर उत्तर देतात. समोर कोण उभे आहे, हे कारकुनाने पाहण्याची गरजच उरत नाही. पुढे कधी मोटारगाड्यांनाही त्या पुलावरून जाऊ द्यावयाचे ठरले, तर मोटार हा नवा उपवर्ग लिहावा; कारकुनाच्या आज्ञावलीतील एक अक्षरही बदलावे लागणार नाही. प्रश्न एक आणि उत्तरे ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे, या गुणाला 'बहुरूपता' असे नाव आहे.

वारसा हाती आला म्हणजे नवशिके तो सगळीकडे वाटीत सुटतात. ट्रकला इंजिन असते, म्हणून ट्रक हा इंजिनाचा उपवर्ग करून ठेवतात! असे करण्यापूर्वी वाक्य म्हणून पाहावे. 'ट्रक हे वाहन आहे' हे वाक्य खरे; तेथे वारसा शोभतो. 'ट्रक हे इंजिन आहे' हे वाक्य कानालाच खटकते. ट्रकपाशी इंजिन आहे. तेव्हा इंजिन ही वेगळी वस्तू असावी आणि ती ट्रकने जवळ बाळगावी. मराठीचे सरळ वाक्य येथे चांगल्या कसोटीचे काम देते.

न्यूगॉर आणि डाल यांच्या भाषेचे नाव सिम्युला. तिची वर्ग आणि उपवर्ग असलेली आवृत्ती सिम्युला ६७ या नावाने ओळखली जाते. संगणकशास्त्रातील सर्वांत मानाचा ट्युरिंग पुरस्कार या दोघांना २००१ सालासाठी मिळाला आणि २००२ च्या उन्हाळ्यात थोड्या आठवड्यांच्या अंतराने दोघेही निवर्तले. ऑस्लो विद्यापीठात संगणकशास्त्राच्या दोन इमारतींना त्यांची नावे दिलेली आहेत.

सिम्युला अमेरिकेत पोहोचली, ती मात्र वेषांतर करूनच. यूटा विद्यापीठात ॲलन के नावाचा एक विद्यार्थी १९६६ साली नुकताच दाखल झाला होता. त्याच्यापुढे एका आज्ञावलीचे बाड आले. ती अल्गोल नावाच्या प्रसिद्ध भाषेची असावी, असा सर्वांचा समज होता. पण ती काही केल्या अल्गोलप्रमाणे वागेना. अखेर के आणि त्याचा एक सोबती यांनी तो ऐंशी फूट लांबीचा कागद इमारतीच्या बोळात अंथरला आणि त्यावरून रांगत रांगत ते एकमेकांना आपले शोध ओरडून सांगू लागले. ती सिम्युला होती!

के याने पूर्वी गणिताबरोबर जीवशास्त्राचाही अभ्यास केला होता. सजीवाचे शरीर असंख्य पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशी आवरणाने बंद असते, आतला कारभार स्वतः पाहते आणि इतर पेशींशी केवळ संकेतांनी व्यवहार करते. संगणकातील वस्तूही अशाच असाव्या, त्यांनी एकमेकींना निरोप पाठवावे आणि निरोप मिळाल्यावर काय करावयाचे ते जिचे तिने ठरवावे, असे त्याच्या मनाने घेतले. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हे नाव त्यानेच रूढ केले. पण पुढे त्याला त्याची थोडी खंतही वाटली, कारण त्या नावामुळे लोकांचे लक्ष वस्तूंकडे गेले आणि निरोपांकडे दुर्लक्ष झाले. त्याच्या मते खरी मोठी गोष्ट निरोप हीच होती.

कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथे के, डॅन इंगल्स आणि ॲडेल गोल्डबर्ग यांनी १९७२ पासून स्मॉलटॉक ही भाषा घडविली. तिच्यात सगळेच वस्तुरूप. तीन आणि चार यांची बेरीजदेखील तेथे बेरीज म्हणून होत नाही. 'तीन' या वस्तूला 'अधिक चार' असा निरोप जातो, आणि ती 'सात' असे उत्तर देते. ही भाषा मोठ्या कारखान्यांसाठी नसून मुलांसाठी आहे, असे के म्हणे. प्रत्येक मुलाच्या हाती वहीएवढा संगणक असावा, आणि मुलाने तो नुसता वापरू नये, तर त्याला स्वतःच्या कल्पनेप्रमाणे घडवावे, असे त्याचे स्वप्न होते. त्या काळी संगणक खोलीभर जागा व्यापीत असत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या स्वप्नाचे धाडस कळते.

म्हणून जवळच्या शाळेतील मुले त्या केंद्रात येऊ लागली. गोल्डबर्ग यांनी त्यांच्यासाठी पाठ तयार केले. पाठाचा आरंभ पडद्यावरील एका चौकोनापासून होई. त्या चौकोनाचे नाव जो. 'जो, तीस अंश वळ' असा निरोप दिला, की चौकोन वळे. 'वाढ' म्हटले, की मोठा होई. मग त्याच वर्गातून जिल नावाचा दुसरा चौकोन निघे. जो वळला म्हणून जिल वळत नाही, हे डोळ्यांना दिसले, की वर्ग आणि वस्तू यांचा भेद निराळा समजावून सांगावा लागत नसे. पुढे यांपैकी बारा वर्षांच्या एका मुलीने पडद्यावर चित्रे रंगविण्याची आज्ञावली स्वतः तयार केली.

मग त्याच केंद्रात काम करणाऱ्या, पण आज्ञावली कधी न लिहिलेल्या, सुमारे वीस प्रौढांना हेच पाठ देण्यात आले. आरंभीचा भाग त्यांनी मुलांपेक्षाही झपाट्याने संपविला. पुढे त्यांच्यापैकीच एकाने सुचविलेली नाव-पत्त्यांच्या कार्डांची एक साधी पेटी संगणकात बनवावयाची होती, आणि तेथे सर्वांची गाडी अडली. के याला नवल वाटले, कारण हे काम त्याला क्षुल्लक वाटत होते. त्याने फळ्यावर ते सोडवीत असता मोजून पाहिले, तेव्हा त्या क्षुल्लक कामात सहज न सुचणाऱ्या अशा सतरा कल्पना दडलेल्या आढळल्या. त्या प्रौढांना भाषेचे व्याकरण येत होते. कोणत्या गोष्टीला वस्तू मानावे आणि कोणते ज्ञान कोणापाशी ठेवावे, हे मात्र त्यांना कोणी शिकविले नव्हते.

सिम्युलाच्या कल्पना पुढे सी प्लस प्लस, जावा, पायथन या भाषांत उतरल्या, आणि आजचा नवशिका बहुधा पायथनपासून आरंभ करतो. भाषा बदलली, तरी त्या वीस जणांना अडविणारी अडचण आजही तशीच आहे. तिची चव शाळेच्या ग्रंथालयावरून घेता येईल.

ग्रंथालयासाठी आज्ञावली लिहावयास बसलेला विद्यार्थी प्रथम 'पुस्तक' हा वर्ग करतो. त्यात नाव, लेखक, पुस्तक सध्या कोणाकडे आहे आणि परत करण्याची तारीख, एवढे लिहितो. सारे ठीक दिसते. मग त्याच्या ध्यानात येते, की ग्रंथालयात 'श्यामची आई'च्या चार प्रती आहेत. एक एका मुलीने नेली आहे, एक मुलाने, दोन कपाटात आहेत. आता हे पुस्तक कोणाकडे आहे? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्नच चुकीच्या वस्तूला विचारलेला आहे. चार प्रतींसाठी चार पुस्तके नोंदविली, तर साने गुरुजींचे नाव चारदा लिहावे लागेल आणि एखाद्या ठिकाणी ते चुकीचे पडेल. नाव व लेखक हे पुस्तकाचे ज्ञान. कोणाकडे आहे, पान फाटले आहे का, हे प्रतीचे ज्ञान. तेव्हा वर्ग दोन हवेत: पुस्तक आणि प्रत. प्रतीने आपण कोणत्या पुस्तकाची आहोत, तेवढे ध्यानात ठेवावे. ती पुस्तकाचा उपवर्ग नव्हे, हेही पाहून ठेवावे.

पुढे 'सभासद' हा वर्ग येतो. आपल्याकडे किती प्रती आहेत, हे सभासदाने लिहून ठेवावे काय? ठेवले, तर तीच गोष्ट दोन ठिकाणी नोंदली जाईल: प्रत म्हणेल, मी अमक्याकडे आहे, तो सभासद म्हणेल, माझ्याकडे काही नाही. भांडण लागले, तर निवाडा कोणी करावयाचा? पुष्कळ विद्यार्थी येथे बराच वेळ घुटमळतात, आणि ते घुटमळणे चांगले. ग्रंथपालाच्या टेबलावर पडलेल्या देवघेवीच्या वहीकडे एकदा पाहिले, तर वाट दिसते. त्या वहीतील प्रत्येक ओळ ही स्वतंत्र वस्तू मानावी. तिला हात लावता येत नाही, कपाटात ठेवता येत नाही, तरीही ती वस्तूच. कारण तिच्यापाशी स्वतःची माहिती आहे: कोणती प्रत, कोणता सभासद, नेल्याची तारीख, परत करावयाची तारीख. 'मुदत टळली काय?' हा प्रश्न तिलाच विचारावा. प्रत परत आली, म्हणजे ही देवघेव पुसून टाकावयाची नाही. तिच्यात परत आल्याची तारीख भरावयाची. मग वर्षाच्या अखेरीस 'श्यामची आई' किती मुलांनी नेली, हे कोणी विचारले, तर ग्रंथपालाला जुन्या वह्या चाळीत बसावे लागत नाही. त्या पुस्तकाच्या प्रतींच्या देवघेवी मोजल्या, की उत्तर पुढे येते.